नाहीतरी झालंच असतं का?

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की कार्बन क्रेडिट म्हणजे बहुतेक वेळा हवेचा धंदा. एकच वाक्य. त्यावर या महिन्यात इतकी पत्रं आलीत की गुडघेदुखीची आणि गच्चीवरच्या बागेची पत्रं पुढच्या अंकात ढकलावी लागली, त्या मंडळींनी राग मानू नये. चार पत्रं निवडली आहेत, पहिलं सगळ्यात लांब आहे आणि त्याचं उत्तरही.

ताई, नमस्कार. आम्ही राजेंद्र नगरला राहतो. मुलगा न्यू जर्सीला असतो, दरवर्षी आम्हाला बोलावतो. या वेळी तिकिटं त्यानेच ऑनलाइन काढली आणि शेवटी पैसे भरताना एक चौकोन आला म्हणे, की तुमच्या प्रवासाचा कार्बन 'ऑफसेट' करायचा का, म्हणजे तेवढाच कार्बन दुसरीकडे कुठेतरी वाचवायला पैसे द्यायचे का, दोघांचे मिळून १,८५० रुपये, त्याने टिक करून टाकली. मग आम्हाला ईमेलवर सर्टिफिकेट आलं, हिरवं पान, आमची नावं, सगळं छान. मी खूश होते, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. आमचे हे म्हणाले, 'एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यातला प्रकार आहे हा.' तेव्हापासून रोज सकाळी पोह्यांबरोबर हाच विषय. खरंच त्या पैशांनी पर्यावरणाचं काही भलं होतं का? पुढच्या वेळी टिक करायची की नाही ते एका शब्दात सांगा, यांना दाखवायचंय. — एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

एका शब्दात हवं असेल तर 'नको'. पण काकांना लगेच दाखवू नका, पुढचंही वाचा, कारण त्यांचंही शंभर टक्के बरोबर नाहीये.

आधी हिशोब बघू. मुंबई ते न्यू जर्सी साधारण साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन पंचवीस हजार. इकॉनॉमीच्या एका सीटच्या वाट्याला दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड येतो, कॅल्क्युलेटर बदलला की आकडा थोडा हलतो, तर तुम्ही दोघं मिळून साडेचार टन धरा. आपल्या देशात माणशी वर्षाचं सरासरी दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे एक सरासरी माणूस अख्ख्या वर्षात जेवढं करतो त्याहून जास्त तुम्ही प्रत्येकी एका ट्रिपमध्ये करून आलात. हे टोचायला नाही सांगत हं, माझी सख्खी बहीण टोरांटोला आहे, मी काय पायी जाते का तिच्याकडे.

टन म्हटलं की डोळ्यासमोर काही येत नाही. असं बघा, एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर एक टन व्हायला ४३५ लिटर पेट्रोल लागेल, स्कूटीवर इंदूर ते उज्जैन साडेतीनशे वेळा जाण्याइतकं. त्याच्या साडेचार पट तुमची ट्रिप. आणि ते सगळं १,८५० रुपयांत फिटलं असं तुमच्या फ्रिजवरचा कागद म्हणतोय, टनाला चारशे रुपयांच्या आसपास. घरचं गॅस सिलेंडर त्याच्या दुपटीच्या घरात आहे हो! एवढं स्वस्त असतं तर सगळ्या जगाचं प्रदूषण केव्हाच निस्तरून झालं असतं.

आता ते पैसे जातात कुठे. कोणीतरी कुठेतरी पवनचक्की लावतं, कोणी जंगल राखतं, कोणी गावात सुधारित चुली वाटतं, आणि त्यामुळे इतके टन वाचले असं गणित मांडतं. एक टन म्हणजे एक क्रेडिट. अमेरिकेतली व्हेरा, स्वित्झर्लंडमधली गोल्ड स्टँडर्ड अशा संस्था ते गणित त्यांच्या नियमात बसतंय का बघून क्रेडिट आपल्या वहीत चढवतात, मग दलाल, मग विमान कंपनी, मग तुमचा मुलगा. सगळ्यात शेवटी ते क्रेडिट वहीत 'रिटायर' करायचं असतं, म्हणजे पुन्हा कोणाला विकता येत नाही.

यात गोम कुठे आहे ते सांगते. समजा मी म्हटलं की काल रात्री मी सराफ्यात गराडूच्या चार प्लेट खाणार होते पण दोनच खाल्ल्या, म्हणजे दोन वाचवल्या, आता त्या वाचवलेल्या दोन प्लेटचं क्रेडिट तुम्ही माझ्याकडून विकत घ्या आणि तुम्ही बिनधास्त दोन जास्त खा. तुम्ही पहिलं काय विचाराल? की ताई, तुम्ही चार खाणार होतात हे कशावरून? बस. अख्ख्या कार्बन ऑफसेटच्या धंद्यात विचारायचा प्रश्न हाच आहे, की हे काम तुमच्या पैशाशिवाय नाहीतरी झालंच असतं का? झालंच असतं, तर तुमच्या १,८५० रुपयांनी हवेतला एक ग्रॅमही कमी झाला नाही, आणि विमान मात्र उडालं ते उडालंच.

देवासकडे जाताना टेकड्यांवर पवनचक्क्या दिसतात ना, तशा हजारो देशभरात लागल्या आणि त्यातल्या पुष्कळशांनी 'सीडीएम' नावाच्या जुन्या योजनेखाली, म्हणजे १९९७ च्या क्योटो हवामान करारातून निघालेल्या, क्रेडिट मिळवली. अभ्यासकांनी भारतातल्या अशा पवन प्रकल्पांची माहिती तपासली तर निघालं काय, की किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली होती जे क्रेडिट नसतं तरी बहुतेक लागलेच असते, कारण ते तसेही फायद्यात होते. युरोपियन कमिशनसाठी २०१६ मध्ये जर्मनीच्या एका संस्थेने अख्ख्या सीडीएमची झडती घेतली तर तपासलेल्यांपैकी ८५ टक्के प्रकल्पांचं 'वाचवलेलं' खरोखर जास्तीचं, म्हणजे क्रेडिट नसतं तर झालंच नसतं असं, असण्याची शक्यता कमी निघाली. आणि सोलरचं तर तुम्हाला माहीतच आहे, २०१७ मध्ये आपल्या रीवाच्या प्रकल्पात पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे युनिट निघाला, एवढं स्वस्त झाल्यावर त्याला न्यू जर्सीच्या तिकिटाच्या वर्गणीची गरज काय? पुढे व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या दोन्ही मोठ्या संस्थांनीही अतिगरीब देश सोडून बाकीकडे ग्रिडला जोडलेल्या नव्या पवन-सौर प्रकल्पांना दार बंद केलं. पण आधी नोंदलेल्यांचा माल बाजारात आहेच, आणि स्वस्त असल्यामुळे तुमच्यासारख्यांच्या टिकखाली तोच येण्याची शक्यता जास्त.

जंगलाचं आणखी गमतीशीर आहे. तिथे म्हणायचं असतं की हे जंगल तुटणार होतं, आम्ही होतो म्हणून वाचलं. किती तुटणार होतं हे ठरवणार कोण, तर ज्याला क्रेडिट विकायची आहेत तोच. २०२३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, सहा देशांतल्या २६ जंगल प्रकल्पांचा. त्यांनी शेजारच्या तशाच जंगलांशी तुलना करून पाहिलं. ज्या १८ प्रकल्पांचं पुरतं गणित मांडता आलं त्यांच्या ८ कोटी ९० लाख अपेक्षित क्रेडिटपैकी खरी वाचलेली निघाली ५४ लाख, सहा टक्के. व्हेराने पद्धतीवर आक्षेप घेतले आणि नंतर आपले नियमही बदलले. पद्धतीत दोन-चार टक्के इकडचे तिकडे झाले तरी सहाचे साठ होत नाहीत, असं माझं मत.

बरं, जंगल खरोखर वाचवलं असं धरलं तरी ते टिकलं पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मोठा वणवा लागला, त्यात ज्यांची क्रेडिट मोठमोठ्या कंपन्यांनी घेतली होती अशी झाडंसुद्धा जळली. विमानातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र, त्याचा काही भाग तरी, हजारो वर्षं हवेत राहणार. पन्नास वर्षांची झाडाची हमी आणि हजार वर्षांचं कर्ज, कोणती बँक देईल असं लोन?

चुलींचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जरा लांबण लावते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं माहेर देपालपूरच्या बाजूला. तिच्या भाच्याच्या लग्नाला गेले होते तर स्वयंपाकघरात एक चकचकीत लोखंडी चूल कोपऱ्यात, वर प्लास्टिक टाकलेलं आणि त्याच्यावर कांद्याची टोपली. विचारलं तर म्हणाली, गाडीवाले आले होते, फोटो काढले, आधार नंबर घेतला, चूल देऊन गेले, चांगली आहे पण बाफले कसे करायचे तिच्यात? अहो बरोबर आहे! दाल-बाफल्याला गोवऱ्यांचा आर लागतो, तोंड एवढंसं असलेल्या चुलीत पंचवीस माणसांचे बाफले कोण भाजणार, म्हणून बाजूला मातीची जुनी चूल आणि गोवऱ्यांचा ढीग तसाच सुरू. कागदावर मात्र ती नवी चूल रोज पेटत असणार आणि तिची क्रेडिट कुठेतरी विकली जात असणार. मला वाटलं आपलाच एक नमुना असेल, पण २०२४ मध्ये चुलींच्या प्रकल्पांवर अभ्यास आला त्यात तपासलेल्या नमुन्यात खऱ्या बचतीपेक्षा सरासरी नऊ पटीहून जास्त क्रेडिट दिलेली निघाली. नऊ पट म्हणजे दूधवाल्याने एक लिटरमध्ये आठ लिटर पाणी घालण्यासारखं झालं, त्याला दूध म्हणायचं का पाणी ते तुम्हीच ठरवा. चुली वाईट असतात असं नाही हं, त्या बाईच्या आईचा खोकला मी ऐकलाय, धूर कमी झाला तर हवाच आहे. फक्त त्या चुलीच्या जिवावर तुम्ही विमानाचा हिशोब फेडू नका.

आणि हो, एक राहिलं. विमानाची मागची पांढरी रेघ असते ना आभाळात, तीही उष्णता अडवते, आणि इंजिनातून नायट्रोजनचे ऑक्साइडही निघतात. विमानांमुळे होणाऱ्या एकूण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा साधारण एक तृतीयांश धरतात. ते टिकवाले बहुतेक तेवढाच मोजतात, बाकीचं दोन तृतीयांश कोणाच्या खात्यावर?

मग करायचं काय. तुमच्या मुलाला सांगा, दरवर्षी दीड महिना बोलावण्यापेक्षा दोन वर्षांतून एकदा चार-पाच महिने बोलाव, व्हिसावर बहुतेक सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. वाचलेली एक ट्रिप म्हणजे खरेखुरे साडेचार टन, आणि त्यासाठी व्हेराची वही लागत नाही. मधल्या वर्षी सून-नातवंडं इकडे आली तर गणित परत फिरतं हे खरंय, पण नातवंडांसमोर मी गणित काढणार नाही. दुसरं, तुमचं घर स्वतःचं असेल आणि गच्ची मोकळी असेल तर सोलर पॅनल लावा, सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत आहे. तेवढ्या पॅनलमधून दिवसाला दहा-बारा युनिट धरली तर वर्षाला चार हजारांच्या घरात, आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, तर पावणेतीन-तीन टन दरवर्षी. त्याने न्यू जर्सीची ट्रिप पुसली जात नाही, ती झाली ती झाली, पण ही बचत मीटरवर दिसते, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

१,८५० रुपये द्यायचेच असतील तर द्या की, एखाद्या तलावाच्या कामाला, बियाणांच्या बँकेला, जिथे जाऊन बघता येईल तिथे. त्याला देणगी म्हणा. 'आमचा प्रवास कार्बन न्यूट्रल होता' असं मात्र किटीत सांगू नका. आणि काकांना सांगा, एकादशीवाली म्हण त्यांनी बरोबर जागी वापरली, पण साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी प्लेट कोण घेतं तेही आम्हाला माहीत आहे.

आदरणीय ताई, तुमचं 'हवेचा धंदा' वाचून वाईट वाटलं. आपलं इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय, आपल्या महापालिकेने कचऱ्यापासून गॅस करून कार्बन क्रेडिट विकली आणि त्याचे पैसे मिळवले. हे सगळं हवेतच का? स्वतःच्या शहराचा थोडा तरी अभिमान ठेवा. — एक निवृत्त शिक्षक, रामबाग

सर, अभिमान आहे. मी जुन्या देवगुराडियाच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास घेतलेली बाई आहे, पश्चिमेकडून नाही पण पूर्वेकडून वारा आला की खिडक्या लावायचो आम्ही. तिथला लाखो टन जुना कचरा उपसून जागा मोकळी केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस चालतात. हे हवेतलं नाही, हे मी स्वतः जाऊन बघून आले. शिवाय ओला कचरा सडून जो मिथेन निघतो तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट वगैरे उष्णता अडवतो, त्यामुळे कचऱ्याचा गॅस पकडणं हे ऑफसेटच्या कामांत मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, तो मोजता येतो, पाइपवर मीटर बसतं, चुलीसारखं 'रोज पेटते का हो' विचारत फिरावं लागत नाही.

पण सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून प्रश्न तुम्हालाच विचारते, तोच, नाहीतरी झालंच असतं का? स्वच्छ भारत मिशन होतं, सर्वेक्षणात पहिलं यायची ईर्ष्या होती, शहराने जिद्दच धरली होती. क्रेडिटचे पैसे आले नसते तर इंदूरने कचरा उचलणं बंद केलं असतं का? बिलकुल नाही. म्हणजे इंदूरने काम खरं केलं, पूर्ण खरं, पण ज्याने ते क्रेडिट विकत घेतलं त्याच्या पैशाने काय नवीन घडलं हा प्रश्न उरतोच. आणि एक बारीक गोष्ट, क्रेडिट विकलं की ती बचत विकत घेणाऱ्याच्या नावावर जाते. तो जर तेवढा धूर स्वतःच्या कारखान्यातून काढणार असेल तर मग आपण 'इंदूरने इतके टन कमी केले' म्हणून फलक लावायचा की त्याने, एकच बचत दोघांनी मोजली तर परीक्षेत तुम्ही दोघांनाही शून्य दिलं असतं ना?

मीटर बसवलं म्हणून सगळं ठीक होतं असंही नाही. एसीत भरायचा आर-२२ गॅस बनवताना एचएफसी-२३ नावाचा एक उपगॅस निघतो, सीडीएममध्ये त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतका धरायचे. तो जाळून टाकायला खर्च किरकोळ आणि क्रेडिट मात्र टनाला ११,७००! गुजरातेतल्यासकट भारतातल्या आणि चीनमधल्या कारखान्यांनी यात चिक्कार कमावलं. मग आक्षेप असा आला की काही ठिकाणी उपगॅस जाळायला मिळावा म्हणूनच मूळ गॅस जास्त बनतोय. उंदीर मारायला नगरपालिकेने बक्षीस ठेवलं की घरी उंदीर पाळणारे निघतात, तसं. शेवटी युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट घेणंच बंद केलं, आणि २०१६ मध्ये आपल्या सरकारने सांगून टाकलं की हा गॅस कारखान्यांनी स्वतःच्या खर्चाने जाळायचा, बस, त्याचं क्रेडिट-बिडिट काही नाही. म्हणजे इतकी वर्षं जे काम क्रेडिटशिवाय होणार नाही म्हणत होते ते एका आदेशात झालं.

अभिमानच हवा असेल तर मी दुसऱ्या गोष्टीचा धरेन. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, नर्मदेकाठच्या जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट लावायला, कारण नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून वर चढवून इंदूरला आणायचं विजेचं बिल महापालिकेचं कंबरडं मोडतं. त्यात सामान्य माणसालाही पैसे गुंतवता आले. ज्याने बाँड घेतला त्याला व्याज मिळतं, 'पापमुक्तीचं' सर्टिफिकेट कोणी देत नाही. मला तो व्यवहार जास्त प्रामाणिक वाटतो.

हाय ताई, मी सुपर कॉरिडॉरवर एका आयटी कंपनीत आहे. कंपनीने आमचं ॲन्युअल फंक्शन 'कार्बन न्यूट्रल' जाहीर केलं, प्रत्येकाच्या नावाने एक झाड लावलं आणि काही क्रेडिट घेतली. आता एचआर म्हणते सगळ्यांनी लिंक्डइनवर पोस्ट टाका. मला टाकायला कसंतरी वाटतंय पण नाही म्हणायला कारण पण नाही. काय करू? — विजय नगर

बाळा, कसंतरी वाटतंय ते चांगलं लक्षण आहे. एचआरला एक साधा ईमेल कर, अगदी गोड भाषेत, की पोस्टमध्ये लिहायला मला क्रेडिटचा सीरियल नंबर, प्रकल्पाचं नाव, कोणत्या वर्षाचं आहे आणि ते रिटायर केलंय का एवढं द्या. मोठ्या संस्थांच्या वह्या ऑनलाइन उघड्या असतात, नंबर टाकला की दोन मिनिटांत दिसतं. नंबर मिळाला नाही तर तुला कारण मिळालं. नंबर मिळाला आणि तो दहा वर्षांपूर्वीच्या पवनचक्कीचा निघाला, तरी तुला कारण मिळालं.

झाडाचं म्हणशील तर मोठं झालेलं झाड वर्षाला ढोबळ वीस किलो कार्बन डायऑक्साइड घेतं, रोपटं जवळपास काहीच नाही. १४ जुलै २०२४ ला आपल्याकडे रेवती रेंजवर चोवीस तासांत १२ लाखांहून जास्त रोपं लावून गिनीज रेकॉर्ड झाला, मीही गेले होते चिखलात, मजा आली. पण त्या रेकॉर्डमध्ये लावलेली रोपं मोजतात. जगलेली मोजायला कोणी ढोल-ताशे घेऊन येत नाही. तुझं झाड कुठे लावलंय ते विचार आणि पुढच्या मे महिन्यात जाऊन पाणी घाल, त्याचा फोटो लिंक्डइनवर टाक, मी लाइक करीन.

तुमचे क्लायंट युरोपातले असतील तर एचआरच्या कानावर हेही घाल, की नुसत्या ऑफसेटच्या भरवशावर मालाला 'क्लायमेट न्यूट्रल' म्हणून ग्राहकाला विकायला युरोपियन युनियनने बंदी आणली आहे, २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू. मॅनेजरला पर्यावरण कळलं नाही तरी क्लायंट बरोबर कळतो. आणि ऑफिसचा एसी १८ वर ठेवून वर स्वेटर घालून बसता ना सगळे? एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं सरकारचंच वीजबचत खातं सांगतं. चोवीसवर करा.

ताईसाहेब, आमची देवासजवळ वडिलोपार्जित साडेसहा एकर आहे, भाऊ बघतो. गावात एका कंपनीची मुलं आली होती, बांधावर आणि दोन एकरात झाडं लावा, रोपं फुकट, आणि कार्बनचे पैसे दरवर्षी खात्यात. भाऊ सही करायला निघालाय. करार इंग्रजीत आहे, बावीस पानं. करू द्यावं का? — एक वाचक, तुकोगंज

त्याला आजच फोन करा आणि सही थांबवा. कायमची नाही, वाचून होईपर्यंत. या चारही पत्रांत खरा पैसा आणि खरा धोका तुमच्याच घरात आहे.

झाडं लावणं वाईट नाही, बांधावर तर लावाच, क्रेडिट मिळो न मिळो सावली, लाकूड, फळ तुमचं. आणि गंमत अशी की शेतकऱ्याला खरंच पैसे मिळून जे झाड एरवी लागलं नसतं ते लागलं, तर ते माझ्या त्या प्रश्नाला उतरतं, पवनचक्कीपेक्षा जास्त. म्हणून मी 'पळवून लावा' म्हणत नाही.

पण करार किती वर्षांचा आहे ते आधी बघा, यांचे करार वीस-तीस-चाळीस वर्षांचे असतात. भाऊ आज पन्नास-पंचावन्नचा असेल, म्हणजे सही तो करतोय पण बांधली जाणार त्याची मुलं. मध्येच जमीन विकायची झाली, वाटणी करायची झाली, दोन एकरात परत सोयाबीन-लसूण लावायचा झाला तर करार काय म्हणतो? झाडं वाळली किंवा आगीत गेली तर भरपाई तुम्ही द्यायची असं कुठे लिहिलंय का, हे बहुतेक पंधराव्या-सोळाव्या पानावर असतं जिथे पोचेपर्यंत माणूस झोपतो. झाड तोडायचा हक्क कोणाचा, लाकूड कोणाचं?

मग पैसे. 'दरवर्षी' म्हणजे कोणत्या वर्षापासून? झाडाच्या क्रेडिटची मोजणी-तपासणी व्हायला काही वर्षं जातात, पहिल्या वर्षी खात्यात काही येणार नाही. तुमचा हिस्सा किती टक्के आणि तो कशाच्या, एकूण विक्रीच्या की त्यांचा खर्च काढून उरलेल्याच्या, कारण खर्च काढून उरलेलं म्हणजे बटाईत मालकाने ट्रॅक्टर, डिझेल, चहा-पाणी सगळं आधी वजा करून मग अर्धं म्हणण्यासारखं आहे. क्रेडिट किती रुपयांना विकलं ते तुम्हाला दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे का? आणि ढोबळ अंदाज तुम्हीच काढा, मोठं झालेलं झाड वर्षाला वीस किलो, पन्नास झाडांचा एक टन, टनाला हातात समजा पाचशे-हजार रुपये पडले, तर पाचशे झाडांचे वर्षाला पाच ते दहा हजार, तेही ती मोठी झाल्यावर. दोन एकरात लसणाचं एक बरं वर्ष काय देतं ते भावाला तोंडपाठ असेल.

एक सांगून ठेवते, सरकारची 'ग्रीन क्रेडिट' म्हणून वेगळी योजना आहे, २०२३ ची, आणि कारखान्यांसाठीचा कार्बन क्रेडिटचा देशी बाजारही त्याच वर्षी अधिसूचित झाला. गावात येणारी मुलं ही सगळी नावं एका दमात घेतात आणि माणसाला वाटतं हे सरकारीच आहे. तुमच्याकडचा करार खाजगी कंपनीचा आहे, त्याच्यावर अशोक स्तंभ छापलेला असला तरी.

इंदूर कोर्टात बसणारा कोणीतरी ओळखीचा वकील असेलच, त्याला बावीस पानं वाचायला द्या, हिंदीत किंवा मराठीत लिहून मागा, कंपनी देत नसेल तर तिथेच उत्तर मिळालं. आणि रोपं फुकट देतायत म्हणून सही करू नका, वनविभागाच्या रोपवाटिकेत रोपटं चहाच्या कपाच्या भावात मिळतं.